अंदाजाचा आवाज

दशरथ माळवद्यांचा आवाज सांगली-सातारा भागातल्या बहुतेक कुस्तीमैदानांनी ऐकलेला होता. जत्रेत फड लागला की हा माणूस माइक धरून उभा राहायचा आणि डावांचं असं वर्णन करायचा, की गर्दीत मागं अडकलेल्या, आखाडा न दिसणाऱ्या माणसालाही कुस्ती दिसायची. साठीत त्यांची जीभ जड व्हायला लागली. आधी 'र' गेला, मग माइक हातात धरवेना. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतायत. बुद्धी शाबूत राहील, ऐकू येईल, दिसेल. हलणार मात्र काही नाही. शेवटी फक्त डोळे.

तोवर अशा रोग्यांसाठी एक नवं यंत्र आलं होतं. ओठांना आणि जिभेला जिथून हुकूम सुटतात, मेंदूच्या त्या भागावर केसासारख्या तारांची एक बारीक जाळी बसवतात. हुकूम जिभेपर्यंत पोचत नसला तरी सुटतो तर खराच. जाळी तो पकडते, चाकांच्या खुर्चीच्या पाठीला लावलेल्या छोट्या संगणकाकडे पाठवते, आणि संगणक त्याचे शब्द करून त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलतो. कधी सिग्नल क्षीण असतो, एखादा शब्द निसटतो. तेव्हा वाक्य अडू नये म्हणून यंत्रात 'अंदाज' नावाचा एक प्रोग्रॅम ठेवलेला असतो. समोरचा काय बोलला ते तो ऐकतो, हा माणूस आजवर कसा बोलत आला ते बघतो, आणि निसटलेला शब्द भरतो.

माळवद्यांची, म्हणजे घरच्यांच्या अण्णांची, धाकटी मुलगी केतकी हे यंत्र बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीतच इंजिनिअर होती. अण्णांची जीभ पुरती बसण्याआधी तिनं त्यांच्या मैदानांची जुनी रेकॉर्डिंग गोळा करून कंपनीला दिली. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं. कंपनीनं तो आवाज अण्णांच्या यंत्रात घातला आणि एका प्रदर्शनात नमुना म्हणून वाजवलाही. कुणीतरी त्याचा व्हिडिओ गावाकडं पाठवला. यंत्र मिळाल्यावर अण्णा केतकीशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी जित्ता हाय आणि तू माझा आवाज बाजारात बसवलास." त्यानंतर दोन वर्षं ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी यंत्रांना नवं अपडेट गेलं. ते तयार करणाऱ्या गटात केतकी होती. त्यानंतर पहिल्यांदा ती विट्याला घरी आली, खुर्चीजवळ बसली आणि दरवेळेसारखं म्हणाली, "अण्णा, अजून राग आहे का माझ्यावर?"

"झालं गेलं सोड, केतकी," यंत्र म्हणालं. "तू माझ्यासाठीच केलंस सगळं."

ती ओक्साबोक्शी रडली. अण्णांच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. दारात उभा असलेला तिचा थोरला भाऊ संग्राम तोंड फिरवून बाहेर गेला.

महिन्याभरानं संग्रामचा फोन आला. अण्णांची छाती भरली होती, श्वास कमी पडत होता. नाकावरच्या मास्कनं आता भागणार नव्हतं. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि कायमचं श्वासयंत्र लावायचं, नाहीतर थोड्या दिवसांचा प्रश्न, असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते.

"मी अण्णांना सगळं सांगितलं," संग्राम म्हणाला. "नळी घातली की सतत माणूस जवळ लागणार, कफ काढावा लागणार, लाइट गेली तर बॅटरी बघावी लागणार. काय करायचं म्हणून विचारलं."

"मग?"

"नको म्हणाले. 'तुम्हाला कशाला तरास? माझं झालंय आता.' असंच म्हणाले, केतके. शांतपणे."

ती पुढच्याच बसनं निघाली.

घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली होती. जुने पैलवान येऊन खुर्चीसमोर हात जोडत होते. "अण्णा, ओळखलं का?" असं कुणी विचारलं की यंत्र म्हणायचं, "तुम्हाला कसा विसरीन? बरं केलंत आलात." माणसं डोळे पुसत बाहेर पडायची. असं शहाणं मरण सगळ्यांना मिळत नाही, असं अंगणात बोललं जात होतं.

दुपारी सगळे पांगल्यावर केतकी स्वयंपाकघरात गेली. संग्रामची बायको मेघा भाकरी थापत होती. दोन वर्षं अण्णांचं अंग पुसणं, कूस बदलणं, पोटातल्या नळीनं भरवणं तिच्याकडंच होतं.

"वहिनी, शेवटचे दिवस बरे जातायत म्हणायचं."

"व्हय." मेघानं भाकरी तव्यावर टाकली. "पण ताई, अण्णा हाक मारत न्हाईत आता."

"म्हणजे?"

"आधी दिवसाला शंभर हाका असायच्या. मेघे, पंखा लाव. मेघे, ते कुत्रं हाकल. मेघे, बातम्या लाव, ह्यो येडा काय सांगतोय बघू. जीव नकोसा करायचे. आता विचारलं तरच बोलतात. आणि शिवी म्हणून न्हाई. मला वाटलं, दुखणं वाढलं म्हणून निवलेत."

"कधीपासून?"

"झाला की महिना-दीड महिना."

केतकीनं अपडेटची तारीख आठवली. ती उठली आणि अण्णांच्या खोलीत गेली.

अण्णा खुर्चीत होते, नाकावर मास्क, डोळे उघडे. तिनं यंत्राचा माइक बंद केला. यंत्र बसवण्याआधी घरात एक रीत होती: हो असेल तर अण्णांनी वर बघायचं, नाही असेल तर डोळे घट्ट मिटायचे. यंत्र आल्यावर ती रीत मोडली. यंत्र बोलत होतं, म्हणून डोळ्यांकडं कुणी बघत नव्हतं.

"अण्णा, वर बघून हो सांगा, मिटून नाही. मी केतकी आहे ना?"

डोळे वर गेले.

"हे यंत्र बोलतंय ते तुम्हीच बोलताय का?"

अण्णांनी डोळे मिटले. इतके घट्ट, की कपाळाला आठी पडल्यासारखी वाटली, जरी तिथला एकही स्नायू आता हलत नव्हता. बराच वेळ त्यांनी ते उघडलेच नाहीत. मग मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. गेल्या वेळी तिनं जे पाणी बघितलं होतं तेच.

तिनं लॅपटॉप आणून खुर्चीमागच्या संगणकाला जोडला. पडद्यावर सगळं हिरवं होतं: संगणक सुरू, आवाज सुरू, बॅटरी ठीक. एकही चूक नोंदलेली नव्हती. कितीतरी खाली एक साधी सूचना होती: सिग्नल कमी, अंदाज चालू. यंत्राच्या लेखी हा बिघाड नव्हताच.

तिनं ऑफिसात इरफान मुजावरला फोन लावला. तो तिच्याच गटात होता.

"इरफान, नवी बूट इमेज उघड. मीही इथं उघडते."

हा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालायचा. असा संगणक सुरू होतो तेव्हा त्याला आपल्याला कोणते अवयव आहेत हेही ठाऊक नसतं. म्हणून आधी तो एक छोटी शिदोरी मेमरीत उघडतो. तिला बूट इमेज म्हणतात. प्रत्येक अवयवाशी बोलायचं कसं हे सांगणारे ड्रायव्हर या शिदोरीत बांधून दिलेले असतात. जे बांधलं नाही, ते त्या संगणकापुरतं जगातच नसतं. शिदोरी हातानं कुणी बांधत नाही; एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, बांधते, आणि शेवटी हिरवी खूण दाखवते. या बांधणीला बिल्ड म्हणतात.

"उघडली," इरफान म्हणाला. "काय बघू?"

"जाळीचा ड्रायव्हर."

थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज आला.

"नाहीये," इरफान म्हणाला. "थांब, परत बघतो. केतकी, नाहीये इथं. जुन्या इमेजमध्ये आहे, नव्यात नाही."

"माझ्याकडंही नाही."

"पण बिल्ड हिरवं होतं! चाचण्या पास झाल्या!"

"चाचणीच्या यंत्राला मेंदू कुठाय? त्याला खोटे सिग्नल देणारी पेटी लावतो आपण. तिचा ड्रायव्हर वेगळा. तो आहे."

इरफाननं स्क्रिप्ट उघडली. केतकी म्हणाली, "स्क्रिप्टमधली जाळीचा ड्रायव्हर गोळा करणारी ओळ एकटी चालव. नुसती तेवढीच."

त्या ओळीत दोन आज्ञा एकमेकींना जोडलेल्या होत्या. पहिली फाइली शोधायची आणि नावं दुसरीच्या हातात द्यायची. दुसरी त्या नावांच्या फाइली इमेजमध्ये भरायची. अशी जोडी लावली की काम फत्ते झालं की नाही हे फक्त दुसरीला विचारलं जातं. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत या ड्रायव्हरच्या फाइली दाबून लहान केलेल्या होत्या आणि त्यांच्या नावाला नवं शेपूट लागलं होतं. पहिली आज्ञा जुन्या नावानं शोधत राहिली, तिला काही सापडलं नाही, ती फसली. तिनं दुसरीला रिकामे हात दाखवले. दुसरीनं काहीच भरायचं नाही म्हणून काहीच भरलं नाही आणि काम चोख झाल्याचं सांगितलं. पुढं अण्णांचा संगणक सुरू झाला, त्यानं जाळी शोधली, ती मिळाली नाही, आणि तो तसाच पुढं गेला. कारण कधीकाळी कुणीतरी, एखादा अवयव नसला तरी यंत्र अडू नये, अशी सोय करून ठेवली होती. उरला फक्त अंदाज. त्याच्याकडं अण्णांचा आवाज होता, अण्णांच्या बोलण्याची ढब होती आणि समोरच्याचं बोलणं ऐकणारा माइक होता. विचारणाऱ्याच्या सुरावरून त्याला कोणतं उत्तर हवंय हे तो ओळखायचा आणि देऊन टाकायचा.

केतकीला दारात संग्राम दिसला. तो केव्हापासून उभा होता कळलं नाही.

"म्हणजे नळी नको म्हणाले ते..."

"ते अण्णा नव्हते, दादा."

संग्राम आत आला. "मी दमून विचारलं होतं," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी लई दमलो होतो मी."

इरफाननं ओळ बदलली. जोडीतली कुठलीही आज्ञा फसली तर काम तिथंच थांबावं, अशी अट घातली. लगेच बिल्ड लाल झालं. दीड महिन्यापूर्वी जे दिसायला हवं होतं ते आता दिसत होतं. मग त्यानं नवी नावं घातली, इमेज पुन्हा बांधली आणि उघडून ड्रायव्हर डोळ्यांनी बघून घेतला. केतकीनं ती उतरवून संगणकात भरली आणि अंदाज पूर्ण बंद केला.

"अण्णा, आता यंत्र बंद करून चालू करते. जे बोलाल ते फक्त तुमचं. अडखळलं तर अडखळू दे."

डोळे वर गेले.

यंत्र सुरू झालं. पहिली काही मिनिटं नुसते तुटके स्वर आले. मेघा पिठाच्या हातांनीच येऊन उभी राहिली. मग अण्णांच्या आवाजात, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला.

"मुड... द्यांनो."

तिघंही खुर्चीजवळ सरकली.

"कोण... बोलत हुतं... माझ्या तोंडानं?"

संग्राम खुर्चीपुढं खाली बसला. "अण्णा, यंत्र बिघडलं होतं. आम्हाला कळलं नाही."

"मी... वरडत हुतो. आत." बराच वेळ गेला. "तू मला... मारायला निघालास. आन मी... 'बरं' म्हणतोय. माझ्याच... आवाजात."

शेवटी केतकीनंच विचारलं. सूर शक्य तितका कोरडा ठेवून. "अण्णा, नळी घातली नाही तर थोडेच दिवस आहेत. घातली तर कायमची. हे यंत्र आणि ते यंत्र, दोन्हींवर राहावं लागेल. तुम्हाला काय पाहिजे?"

या वेळी उत्तर अजिबात अडखळलं नाही.

"जगायचंय मला. गाडी काढा."

संग्राम ताडकन उठून बाहेर गेला. अंगणात त्याचा फोनवरचा आवाज ऐकू यायला लागला. तो ॲम्ब्युलन्स मागवत होता. मेघा कपडे भरायला वळली. खोलीत केतकी एकटी राहिली. तिला माहीत होतं की ही वेळ नव्हे, तरी तिच्या तोंडून गेलंच.

"मला तुम्ही माफ केलं असं ते म्हणालं होतं."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले.

"न्हाई केलं," ते म्हणाले. "बस हितं. गाडी येस्तवर."

ती बसली. तिला वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. गेल्या दीड महिन्यात ती घरी फोन करून त्या आवाजाशी गोड गोड बोलत होती, आणि इथं आत हा माणूस तिच्यावर चिडून जागा होता. आता निदान तो चिडलेला माणूस समोर होता.

ॲम्ब्युलन्स तासगाव ओलांडत असताना गटप्रमुख नंदिता वर्तकांचा फोन आला. त्यांना इरफाननं सांगितलं होतं.

"छान पकडलंस, केतकी. दुरुस्ती आजच सगळ्या यंत्रांना पाठवू. नेहमीचं अपडेट म्हणूनच जाऊ दे. घरच्यांना उगाच घाबरवायला नको."

"मॅडम, त्या घरांमधून या दीड महिन्यात काय काय विचारलं गेलं असेल?"

"म्हणूनच म्हणतेय. कोर्टकचेऱ्या होतील. कंपनी बंद पडली तर ही यंत्रं कोण सांभाळणार? तोही विचार कर."

केतकीनं तोही विचार केला. त्यात तथ्य होतं. मिरजेला अण्णांना आत नेल्यावर ती दवाखान्याच्या आवारात एका बाकावर बसली आणि रोग्यांच्या घरी एकेक करून स्वतःच फोन लावायला लागली. पुण्यात इरफाननं दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. ती प्रत्येकाला तेच सांगत होती: अमुक तारखेपासून आजपर्यंत तुमचं माणूस जे बोललं ते त्याचं नव्हतं, यंत्र दुरुस्त झालं की सगळं परत विचारा. लातूरच्या एका बाईंनी मुलीचं लग्न नवऱ्याच्या होकारावर ठरवलं होतं. नाशिकला एकानं आईच्या तोंडच्या शब्दावर शेताची वाटणी केली होती. आणि साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आमचं दुरुस्त करू नका. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ही आत्ता कुठं माझ्याशी नीट बोलायला लागलीय."

"सर, त्या बोलत नाहीयेत," केतकी म्हणाली.

"मला कळतंय हो तुम्ही काय म्हणताय ते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुरुस्ती त्यांच्याही यंत्राला गेली. पुढं त्या घरात काय झालं ते केतकीला कळलं नाही. महिन्याभरात तिची नोकरी गेली, इरफानची राहिली. कंपनीवर खटले झाले आणि ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. अंदाज हा प्रोग्रॅम नव्या कायद्यानं बंद झाला. आता शब्द निसटला की यंत्र गप्प राहतं आणि खुर्चीवर पिवळा दिवा लागतो.

अण्णा नळी घालून घरी आले. केतकी विट्यातच राहायला आली. संग्रामनं दिवसा, तिनं रात्री, अशी वाटणी झाली. मधला सगळा वेळ पूर्वीसारखाच मेघाकडं आला. श्वासयंत्राचा भाता सतत वरखाली होत असे. पहिल्या आठवड्यात दोनदा लाइट गेली. कफ काढताना मेघा भिऊन मध्येच थांबे, आणि अण्णा तिला "घाबरू नको, मेघे, नीट धर" म्हणत, मध्येच शिवीही देत.

एका सकाळी कफ काढून झाल्यावर मेघानं नळी धुऊन ठेवली. ती गेली नाही, खुर्चीसमोर उभी राहिली. केतकी कोपऱ्यात बॅटरी बदलत होती.

"अण्णा, एक सांगायचंय. मनात ठेवून मला तुमचं करवंना."

"बोल."

"त्या दिवशी तुम्ही... म्हणजे ते यंत्र, नळी नको म्हणालं, तवा मला बरं वाटलं. सुटले वाटलं मला. रडले सगळ्यांसंगट, पर आतून सुटले वाटलं."

केतकी तशीच ओणवी राहिली. भाता वर गेला, खाली आला. अण्णा बोलले नाहीत. पिवळा दिवा लागला नव्हता. म्हणजे ते विचार करत होते.

"ठावं हाय," ते म्हणाले. "म्या तुझ्याकडंच बघत हुतो तवा."

मेघानं पदर तोंडाला लावला.

"दोन वरसं धूतीयस मला. दुसरी असती तर कवाच पळाली असती." मध्ये दोन श्वास गेले. "संग्रामला सांग, एक बाई ठेवायची. पगारी. तू दुपारची झोपायचंस. आन अजून काय आतलं असंल तर बोलून घे सावकाश. आता म्या कुठं जात न्हाई."

मेघा तिथंच खाली बसली आणि बोलायला लागली. केतकीनं बॅटरी बसवली, झाकण लावलं, आणि दार ओढून घेऊन ती बाहेर गेली.